एक वीत कागद

"काय निंघनं माय?"

छातीला लावलेल्या वाट्या काढून मी जेली पुसत असते, आणि टेबलावरून उठायच्या आधीच हा प्रश्न येतो. धुळ्यात आला, जळगावात आला. रावेर-यावलकडच्या लेवा बोलीत आला, साक्रीकडच्या अहिराणीत आला. एकोणतीस वर्षं मी या प्रश्नाला एकच उत्तर देत आले, "डॉक्टर सांगतील." नियमच तसा आहे. टेक्निशियनने इसीजीची पट्टी काढायची, वाचायची नाही. पण रोज तीस-चाळीस पट्ट्या हाताखालून जाताना डोळे मिटून कोण घेतं?

पहिली पट्टी मी १९९४ साली धुळ्यात काढली, आग्रा रोडला लागून असलेल्या एका गल्लीतल्या दवाखान्यात. मशीन बीपीएलचं, एका वेळी एकच लीड, म्हणजे हृदयाकडे बघायची एकच बाजू, उमटवणारं. लांबलचक पट्टी निघायची, ती कात्रीने कापून तिचे बारा तुकडे छापील कार्डावर चिकटवायचे. घाईत दोन तुकड्यांची अदलाबदल झाली तर तिथले डॉक्टर, आमचे सर, काही बोलत नसत, चष्म्यावरून नुसतं बघत. ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट.

त्याच सरांनी मला पहिल्या आठवड्यात पट्टीचा हिशोब शिकवला. कागद सेकंदाला पंचवीस मिलिमीटर पळतो. लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद, मोठा चौकोन म्हणजे ०.२. दोन ठोक्यांमध्ये मोठे चौकोन किती ते मोजायचे आणि ३०० ला त्या आकड्याने भागायचं, की मिनिटाचे ठोके मिळतात. चार चौकोन असतील तर पंचाहत्तर, दोनच असतील तर दीडशे. पुढे बाराही लीड एकदम काढणारी मशीनं आली, ती दहा सेकंदांची नोंद करतात. दहा सेकंद म्हणजे पंचवीस सेंटिमीटर, जेमतेम एक वीत कागद. हृदयाचे दिवसाला साधारण एक लाख ठोके पडतात, त्यातले बारा-तेरा ठोके या कागदावर येतात. माणूस मात्र घरी सांगतो, "इसीजी काढला, सगळं नॉर्मल आहे." किंवा रडत सांगतो, "इसीजी खराब आला." मला दोन्ही वाक्यांची भीती वाटते.

धडधडीची तक्रार घेऊन येणारा माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत बरा झालेला असतो, ही या दुखण्याची खोडच आहे. सर अशा माणसाला एक गंमत करायला लावायचे. "धडधड होते म्हणजे कशी होते, टेबलावर बोटाने वाजवून दाखवा." पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. समोर एक दुकानदार होते, हिशोबी माणूस. त्यांनी टेबलावर वाजवलं: टक, टक, टक-टक... मग बोट हवेत थांबलं... आणि ठक्क. शेवटचा जोरात. "इथे ठोका चुकतो हो डॉक्टर, आणि मग छातीत गोळाच येतो." सर म्हणाले, "चुकत नाही, लवकर येतो." लवकर आलेल्या ठोक्याच्या वेळी हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो नाडीला लागतच नाही. त्यानंतर हृदय थोडं थांबतं, त्या थांब्यात जास्त रक्त भरतं, आणि पुढचा ठोका दणक्यात पडतो. माणसाला तो थांबा आणि तो दणका तेवढा जाणवतो. एक्टॉपिक म्हणतात त्याला. धडधाकट माणसांतही सापडतो; चहा, जागरण, तंबाखू, काळजी यांनी वाढतो. हृदय बाकी ठीक असेल तर बहुतेकदा निरुपद्रवी. त्या दुकानदारांना सरांनी चहा आणि तंबाखू दोन्ही कमी करायला सांगितलं. चहाचं ऐकलं, एवढंच म्हणते.

तेव्हापासून मीही पट्टी लावता लावता लोकांना वाजवायला सांगू लागले. जळगावात ज्या दवाखान्यात आले तिथले डॉक्टर आधी वैतागले, नंतर स्वतःच विचारू लागले, "ताई, त्यांनी कसं वाजवलं?"

पारोळ्याकडची एक मुलगी होती, जळगावात कॉलेजला. सहा वेळा पट्टी काढून झालेली, सहाही नॉर्मल. घरच्यांनी आधी परीक्षेचं टेन्शन म्हटलं, मग बाहेरचं काही असेल म्हणून भगताकडे नेलं. एका मावशीचं मत होतं की लग्न केलं की बसेल. मी तिला वाजवायला सांगितलं तर तिला वाजवताच येईना, बोटं नुसती टेबलावर थरथरवली. "इतकं जोरात, ताई. पण एकसारखं. बटण दाबल्यासारखं सुरू होतं आणि तसंच बंद." काळजीची धडधड हळूहळू चढते, हळूहळू उतरते. बटणासारखी येत-जात नाही. मग तिने एक गोष्ट सांगितली, जी ती पुरुष डॉक्टरला सांगायला लाजली होती: धडधड थांबली की तासभर लघवीला सारखं जावं लागतं. मी आत जाऊन हे जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरांनी तिला बजावलं, "पुढच्या वेळी आमच्याकडे येत बसू नकोस. जिथे असशील तिथल्या जवळच्या दवाखान्यात शिर आणि धडधड चालू असतानाच पट्टी काढून घे."

दोन महिन्यांनी तिची मैत्रीण रिक्षात घालून तिला आमच्याकडेच घेऊन आली. पट्टीवर ठोके १९०, दाटीवाटीने, सगळे एका अंतरावर. आधी डॉक्टरांनी नाक दाबून पोटातून जोर लावायला सांगितलं, पुष्कळदा तेवढ्यानेच थांबतं. थांबलं नाही. मग ॲडेनोसिन. हे इंजेक्शन शिरेत झटक्यात द्यावं लागतं आणि मागोमाग सलाईन ढकलावं लागतं, कारण औषध काही सेकंदांतच संपतं. त्या सेकंदांत पेशंटला वाटतं, आपण चाललो. मी मशीनपाशी होते. दाट रेघोट्या एकदम तुटल्या आणि कागदावर सरळ रेष पळू लागली. एक चौकोन, दोन, दहा, पंधरा. तीन सेकंद सरळ रेष. मला माहीत होतं की असंच होतं, तरी माझ्याच तोंडाला कोरड पडली. मग एक ठोका. मग दुसरा. मग सावकाश ७८. मुलगी म्हणाली, "थांबलं." हृदयात जन्मापासून विजेची एक जादा वाट होती. पुढे नाशिकला मांडीच्या शिरेतून तार नेऊन ती वाट जाळली. तिच्या त्या सहा नॉर्मल पट्ट्या खोट्या नव्हत्या. चुकीच्या वेळच्या होत्या, इतकंच.

आता माझ्या चुकांबद्दल. तारांचे रंग ठरलेले: लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या पायाला. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका दमलेल्या संध्याकाळी मी लाल-पिवळ्याची अदलाबदल केली. पहिल्या लीडमध्ये सगळं उलटं आलं. सर पट्टी घेऊन बाहेर आले आणि पेशंटसमोरच म्हणाले, "यांचं हृदय रात्रीतून उजवीकडे गेलं का?" पेशंट घाबरला, मी जास्त. पण ही चूक लगेच पकडली गेली.

दुसरी पकडली गेली नाही, कारण ती चूक आहे हे मलाच बरीच वर्षं कळलं नाही. छातीवरच्या सहा वाट्यांच्या जागा बरगड्या मोजून ठरवायच्या असतात. बायका लाजतात. म्हाताऱ्या सासवा सोबत असतात, पदर बाजूला करू देत नाहीत. मग आपणही भिडेपोटी वाटी वरच्या वर लावतो, ब्लाऊजच्या काठाशी, दोन बोटं उंच. मी बाई असून हेच करायचे. वाटी उंच लागली की छातीच्या पुढच्या भागातली लाट बुटकी येते, आणि बुटकी लाट बघून मशीन छापतं की इथे जुना अटॅक असू शकतो. चोपड्याकडच्या एका बाईंच्या फाइलमध्ये मला अशीच पट्टी सापडली. खाली तारीख आणि सही माझी, चार वर्षांपूर्वीची. त्या चार वर्षांत बाईंनी शेतात जाणं सोडलं होतं. मुलगा म्हणाला, "आईला अटॅक येऊन गेला आहे ना, म्हणून आम्ही काही करू देत नाही." त्या दिवशी मी दार लावलं, बरगड्या मोजल्या, वाट्या जागेवर लावल्या. पट्टी स्वच्छ. टूडी इकोही स्वच्छ. डॉक्टरांनी घरच्यांना समजावलं, बाईंना हसू आवरेना. मला काही हसू आलं नाही. त्यानंतर मी पडदा शिवून घेतला, सासूबाईंना बाहेर बसवायला शिकले, आणि "माय, एक मिनिट लाज बाजूला ठेव" हे वाक्य दिवसातून वीसदा म्हणू लागले. त्या चार वर्षांचं मात्र काही करता आलं नाही.

मशीन स्वतःच निदान छापतं, ही सोयही आहे आणि उपद्रवही. तरुण मुलाचा ठोका श्वास घेताना थोडा जलद आणि सोडताना सावकाश होतो. हे चांगल्या हृदयाचं लक्षण, पण कागदावर त्याचं नाव छापून येतं 'सायनस अर्‍हिदमिया'. मुलगा पार्किंगमध्येच ते मोबाइलवर शोधतो आणि पांढरा पडून परत येतो. हडकुळ्या पोराच्या छातीवर लाटा उंच येतात, मशीन म्हणतं हृदय जाड झालं. एसीत कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याच्या पट्टीवर अशी थरथर उमटते की मशीनला वरचे कप्पे फडफडताहेत असं वाटतं. मी त्यांच्या अंगावर चादर टाकते, दोन मिनिटं थांबते आणि पुन्हा काढते. या धंद्यात चादरीने बरे केलेले पेशंट माझ्या खात्यावर बरेच आहेत.

शब्दांचा गोंधळ तर विचारू नका. टीएमटी, म्हणजे आमच्या भाषेत 'पट्ट्यावर पळवणं', ती 'पॉझिटिव्ह' आली की लोक पेढे आणायच्या बेतात असतात, आणि 'निगेटिव्ह' आली की रडतात. प्रत्यक्षात उलटं आहे. टूडी इकोच्या रिपोर्टात 'ईएफ ६०%' लिहिलेलं असतं. एक गुरुजी मला म्हणाले, "साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, पण चाळीस टक्के हृदय गेलं ना?" त्यांना सांगावं लागलं की हृदय दर ठोक्याला आपल्यातलं सगळं रक्त कधीच बाहेर टाकत नाही, पंचावन्न ते सत्तर टक्के टाकलं की उत्तम. शंभरपैकी शंभर कोणालाच मिळत नाहीत. गुरुजींना ही कल्पना पसंत पडली नाही.

आणि लॅमिनेशन. लोक पट्टी जपून ठेवायची म्हणून प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करायला देतात. पट्टीचा कागद उष्णतेवर चालतो, गरम रोलरमधून गेला की अख्खा काळाकुट्ट होतो. असे काळे ठिक्कर, चकचकीत, महत्त्वाचे कागद मी कितीदा पाहिलेत. नुसता पत्र्याच्या पेटीत ठेवला तरी जळगावच्या मे महिन्यात, पारा ४५ ला टेकतो तेव्हा, रेघा पुसट होतात. डॉक्टरांना तर जुनीच पट्टी हवी असते, नवी तिच्याशी जुळवून बघायला. म्हणून मी पट्टी हातात देताना सांगते, आधी झेरॉक्स काढा, मग गोळ्या घ्यायला जा.

सगळीच धडधड भित्र्याची नसते, हे मला साक्रीकडच्या एका बाईने शिकवलं. वय पस्तिशीचं. लहानपणी घसा दुखून सांधे सुजायचे, एवढीच आठवण. तिने टेबलावर वाजवलं तेव्हा मला ताल पकडता येईना. प्रत्येक अंतर वेगळं, कशालाच नियम नाही. "छातीमा चिमणी फडफडस" म्हणाली. छातीवर मोजले तर ११०, मनगटावर ८०. मधले ठोके नाडीपर्यंत पोचतच नव्हते. संधिवाताच्या तापाने झडप आवळली होती आणि वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत होते. असं थरथरलं की आत रक्त साकळतं, गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली की लकवा. तिला रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली. ती गोळी नीट चालली आहे का, हे दर महिन्याला रक्त तपासून बघायचं. त्या तपासणीतला आयएनआर हा आकडा दोन ते तीनच्या मध्ये राहायला हवा. प्रत्येक खेपेला एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच. धडधडीची गोळीही सोबत होती, तिने सहा महिन्यांत बाईला बरं वाटू लागलं. बरं वाटलं म्हणून तिने सगळ्याच गोळ्या सोडल्या. पुढच्या खेपेला तिला खाटेवरून आणलं. उजवा हात लुळा, वाचा गेलेली. धडधड थांबणं आणि धोका टळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला कोणीतरी तिच्या बोलीत सांगायला हवं होतं. तिथे रोज बसणारी, तिची बोली येणारी, मीच होते. मी म्हटलं होतं, "डॉक्टर सांगतील." डॉक्टरांनी सांगितलंही होतं, मराठीत, दोन मिनिटांत.

तेव्हापासून मी नियम मोडते. निदान सांगत नाही, पण डॉक्टरांनी सांगितलेलं पुन्हा सांगते, पेशंटच्या भाषेत, आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेते. धडधडीसोबत चक्कर येऊन पडलात का, छातीत दुखलं का, दम लागला का, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं का, हे चार प्रश्न कागद लावता लावता विचारते. एकाचं जरी उत्तर 'हो' आलं तरी त्या माणसाला रांगेत बसू देत नाही. आणि डोळ्याची खालची पापणी ओढून बघते. सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेल्या कितीतरी बायकांचं हृदय १२० ने पळत असतं ते हृदयाच्या दोषाने नाही, अंगात रक्त नाही म्हणून. पापणी कागदासारखी पांढरी. हिमोग्लोबिन सहा. अशा बाईला हृदयाची महागडी तपासणी लिहून दिलेली चिठ्ठीही मी पाहिली आहे. कोणी लिहिली ते सांगत नाही.

ही विद्या आली कुठून, याचं मला फार पूर्वीपासून कुतूहल. हॉलंडच्या लायडन गावात आइंटहोवेन नावाच्या प्राध्यापकाने हे यंत्र बनवलं, १९२४ चं नोबेल त्यासाठीच. यंत्राचं वजन २७० किलोच्या आसपास, चालवायला पाच माणसं, आणि पेशंटचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवलेले. एवढं धूड दवाखान्यात नेता येईना, म्हणून त्याने १९०५ साली दीड किलोमीटरवरच्या दवाखान्यातल्या पेशंटचे ठोके टेलिफोनच्या तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत आणले. हल्ली धरणगावातला कंपाउंडर रात्री अकराला पट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि डॉक्टर जेवणाच्या ताटावरून उत्तर देतात, तेव्हा मला तो प्राध्यापक आठवतो. फक्त त्याच्या पट्टीवर बोटाची सावली पडत नसेल.

कोरोनाच्या साथीत घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं, आणि लोकांना पहिल्यांदाच आपल्या नाडीचा आकडा दिसू लागला. ऑक्सिजन ९७, ते सोडून लोक खालचा १०४ बघून फोन करत. बघितला की वाढायचा, वाढला की पुन्हा बघायचे. आता तेच काम हातातली घड्याळं करतात. एखाद्या वेळी घड्याळ खरं पकडतंही, त्याची टिंगल मी करणार नाही.

होल्टर हे यंत्र मला सगळ्यांत आवडतं. छातीला चिकटपट्ट्या लावून डबी कमरेला अडकवायची, चोवीस तास. अमेरिकेतल्या मॉन्टानाच्या नॉर्मन होल्टरने पहिलं बनवलं ते पाठीवर घ्यायचं होतं, वजन ३८ किलो. आमचं डबीएवढं, तरी लोक तक्रार करतात. मे महिन्यात घामाने पट्ट्या सुटतात, मग मी वरून आणखी चिकटपट्टी मारते. सोबत एक डायरी द्यायची: कधी काय केलं, कधी धडधडलं. बहुतेक डायऱ्यांत 'जेवलो', 'झोपलो' एवढंच असतं. केळीचे एक बागायतदार होते, त्यांच्या डायरीत संध्याकाळी सातला लिहिलं होतं, 'भाव कळला.' नोंदीत नेमकं सात वाजून चार मिनिटांनी ठोके ७४ वरून ११८. डॉक्टरांनी विचारलं, "भाव वाढला की पडला?" हृदयाच्या नोंदीवरून ते कळत नाही.

चार वर्षांपूर्वी मला स्वतःला सुरू झालं. पाळी जायचं वय, दोन-तीन रात्री जागरण, आणि एके दिवशी भाकरी थापताना छातीत तो थांबा आणि तो दणका. मला सगळं ठाऊक होतं. हजारो लोकांना मी टेबलावर वाजवायला लावलं होतं. तरी त्या रात्री मी मनगटावर बोट ठेवून पहाटेपर्यंत मोजत बसले, आणि मोजता मोजता वाढवलं. सकाळी दवाखान्यात जाऊन स्वतःची पट्टी स्वतःच काढली. नॉर्मल. एक वीत नॉर्मल. थायरॉइड तपासलं, हिमोग्लोबिन तपासलं, इको झाली, आणि शेवटी मलाही होल्टर लागलं. मी डायरी मन लावून लिहिली. एकोणतीस वर्षांत माझ्याइतकी चांगली कोणी लिहिली नसेल.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर नोंद उलगडत होते आणि मी त्यांच्या टेबलापाशी उभी होते. माझ्या तोंडून निघालं, "काय निंघनं?" ते हसले. चोवीस तासांत अकराशे एक्टॉपिक. बाकी काही नाही. मग त्यांनी माझी डायरी नोंदीच्या शेजारी ठेवली. मी पाच वेळा 'जोरात धडधड' लिहिलं होतं. त्यातल्या तीन वेळा खरोखर ठोके लवकर आलेले, दोन वेळा काहीच नव्हतं, साधे ८६. आणि जिथे एक्टॉपिकची सर्वांत मोठी रांग लागली होती, एकाआड एक, सलग बारा मिनिटं, तिथे माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'पहाटे ५ ते ५.१५. नळ आला. पाणी भरलं. काही त्रास नाही.'